फाळक्याची उंची

गुरुवार, दिवेलागण. तीर्थपुरी.

नव्या पिकअपमध्ये आज पहिल्यांदा मोसंबी भरली. भरलेला क्रेट आईनं दोनदा उचलला, गाडीच्या मागच्या फाळक्यापर्यंत नेला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. जुन्या टेम्पोत इतकी वर्षं ती एकटी माल भरायची. ह्या गाडीचा फाळका उघडला तरी काठ तिच्या छातीला लागतो.

दादा म्हणाला, "राहू दे आई, भरायला दोन माणसं लावू."

ती हसली. "बरं झालं बाबा. ही गाडी मलाच रिटायर करून राह्यली."

मालासोबत बाजारात तीही जायची. आज दादा एकटाच गेला.

ही गाडी मी निवडली. गाड्यांच्या मासिकातली दोन पिकअपची तुलना मीच घरात मोठ्यानं वाचून दाखवली होती. मासिकाला खोटं म्हणावं, तर तेही नाही. उंची त्यात बराबर छापली होती. चिखलात अडकणार नाही म्हणून मी त्या उंचीवरच खूश झाले. मायलेज ताडून पाहिलं, वॉरंटी पाहिली. आईच्या छातीशी ती उंची कधी लावून पाहिली? एकदाही नाही.

शोरूममध्ये दुसऱ्या गाडीच्या फाळक्यावर हात ठेवून ती म्हणाली होती, "ही बुटकी हाय, बरी हाय." आणि मी, जिला तिनंच घरी अक्षरं शिकवली, सगळ्यांदेखत म्हणाले, "आई, तुला त्यातलं काय कळतं?"

आज तिनं ते बोलणं काढलंसुद्धा नाही. काढलं असतं तर मला रडता तरी आलं असतं.