शिळं पाणी ओतू नकोस

अक्का,

मी सकाळच्या ड्यूटीला निघालो. आमच्या पोरीचा, भूमिकाचा मासा नव्या टाकीत एका कुशीवर पडलाय, कल्ले लाल झालेत. नळाच्या ताज्या पाण्यात औषध असतं, ते त्याला बाधलं. नळ आला की शिळं पाणी ओतून ताजं भरायचं, हे आपल्याला आईनेच शिकवलं. तू तेच केलंस. माशाला शिळंच लागतं, हे मी तुला सांगितलं नव्हतं.

गॅलरीतल्या पिंपात परवाचं पाणी आहे. दर दोन तासांनी टाकीतलं दोन तांबे काढ आणि पिंपातलं दोन तांबे हळूहळू घाल. बठ्ठं पाणी एकदम बदलू नकोस. खायला काही देऊ नकोस. वीज गेली तर टाकीतलंच पाणी तांब्याने वरून सोडत राहा, म्हणजे त्याला हवा मिळेल.

काल माशावरून चिडून मी म्हणालो की आधी स्वतःचं घर…

(हे वाक्य आता लिहवत नाही. काल भूमिकासमोर मात्र पूर्ण बोललो.)

तुझी पिशवी दाराशी भरलेली दिसली. एरंडोलची गाडी दहाला आहे. तिथे दाजींनी पुन्हा हात उचलला, तर तू मला कळवणारही नाहीस.

मासा जगो की मरो, तू जाऊ नकोस.

जितू