हिरवी सुतळी

२ मार्च

पोचलो एकदाचे! क्वार्टर झकास आहे. दोन खोल्या, मोठ्या खिडक्या, आणि निजायच्या खोलीवर झाडाची अशी गच्च सावली की भर दुपारी दिवा लावावा लागतो. बायकोने पाळणा तिथेच ठेवला. पिल्लू आल्या आल्या ढाराढूर झोपलं. (लेकीचं नाव अजून ठरत नाहीये. आम्हा दोघांचं एकमत हाच एक दुर्मीळ पक्षी आहे.) इथल्या पक्षी-अभ्यास केंद्रात माझं काम म्हणजे तळ्याकाठच्या पक्ष्यांचे फोटो काढायचे आणि ते काय काय करतात ते टिपून ठेवायचं. याचा पगार मिळतो, यावर सासऱ्यांचा अजूनही विश्वास बसलेला नाही.

९ मार्च

नाचण पक्ष्याचं घरटं सापडलं! बाईसाहेब क्षणभर गप्प बसत नाहीत. शेपटीचा पंखा उघडायचा, गिरकी घ्यायची, की पुन्हा सुरू. घरटं झुडपात, वाटीएवढं, आत पिल्लं. पण पुढे पानांचा हा पसारा! कॅमेऱ्यातून बघावं तर नुसती पानं. केंद्राच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की घरट्याजवळचं पानसुद्धा हलवायचं नाही. पण मी तोडतोय कुठे? फांद्या फक्त मागे ओढल्या आणि हिरव्या सुतळीने बांधल्या. माझी ती नेहमीची गाठ, जिला बायको ‘आडमुठी गाठ’ म्हणते, कारण सुटता सुटत नाही. संध्याकाळी सोडून येईन.

१० मार्च

काय फोटो मिळालाय! नाचण घरट्याच्या काठावर उभी, दोन्ही पंख पसरलेले, चोच उघडी. पिल्लांना आशीर्वादच देतेय म्हणा ना. मॅडमनी तो मोठा करून केंद्राच्या दारातच लावला. सगळ्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही टुणकन चढलो. या गडबडीत काल सुतळी सोडायची राहिली, आजही राहिली. उद्या उठल्याबरोबर पहिलं काम तेच.

११ मार्च

पिल्लं मेली. उन्हाने.

आशीर्वाद कसला डोंबलाचा! ती पिल्लांवर सावली धरून उभी होती, धापा टाकत. आणि मी समोर बसून फोटो काढत होतो, वर खूश होत होतो. सुतळी सोडायला हात घातला तर ती तिथे नव्हतीच. फांद्या मात्र तशाच मागे, कुणी हाताने धरून ठेवल्यासारख्या. मॅडमनी विचारलं तेव्हा साप आला असावा म्हणालो. त्या म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, तुमचा काय दोष. तोंड कुठे लपवू असं झालं मला.

१४ मार्च

जेवायला घरी आलो तर पाळण्यावर ऊन, झाडाची एवढी सावली असून. खिडकीचा पडदा बाजूला ओढून बांधलेला, हिरव्या सुतळीने. गाठ माझी. बायको म्हणाली, पडदा बांधायला दुसरं काही मिळालं नाही का तुला. मी म्हणालो, नाही मिळालं. म्हणजे मीच बांधला, असं कबूल केलं. कारण नाही म्हटलं असतं, तर सुतळी कुठली तेही सांगावं लागलं असतं. लाज वाटते लिहितानाही.

१६ मार्च

खिडकीबाहेरचं झाड उघडं पडलंय. फांद्या मागे ओढून बांधल्यात, पार शेंड्यापर्यंत, माणसाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी गाठी. पिल्लाच्या अंगावर लालभडक पुरळ उठलंय. बायको कडाडली की लेकीला उन्हात ठेवून कसले फोटो काढतोस, मला क्लिक क्लिक ऐकू येतंय. मलाही येतंय. पण कॅमेरा केंद्रातल्या कपाटात आहे.

१७ मार्च

मॅडमना खरं सांगायला गेलो. दारात तो फोटो. पाहुणे आले होते, फोटोसमोर उभे राहून वा वा करत होते. मॅडमनी मला पुढे केलं. मी हसलो. चक्क हात जोडून आभार मानले. शी!

घरी आलो तर पाळण्यावरची मच्छरदाणी वर बांधलेली—

१८ मार्च

पाळणा आतल्या भिंतीला नेला. ऊन तिथे. बाहेरच्या खोलीत नेला. ऊन तिथेही. चादर धरली तर हातातून ओढली गेली— कोपऱ्यात, खिळ्याला, बांधलेली. पिल्लू आता रडतही नाही.

बायकोला सगळं सांगितलं. फांद्या, सुतळी, सापाची थाप. पिल्लाला दवाखान्यात न्यायला ती गाडी आणायला धावली. तिच्यामागे दार लागलं आणि— बाहेरून काहीतरी करकचून आवळल्याचा आवाज. ती ओढतेय. ओरडतेय. गाठ सुटत नाही म्हणतेय.

माझी गाठ.

१८ मार्चच, अजून

संध्याकाळ व्हायला हवी होती. ऊन हलत नाही. मी पाळण्यावर ओणवा उभा आहे, एका हाताने लिहितोय. लिहायलाच हवं. उद्या कुणी म्हणायला नको की साप—

क्लिक. अगदी जवळून. कुणीतरी पुढे सरकतंय, नीट दिसावं म्हणून—

माझी सावली पुरत नाहीये. तिचे पाय उन्हात— पिल्लू, थांब, बाबा आहे— वही ठेवतो. दोन्ही लागतील. दोन्ही पंख पस