पडद्यावरची मेलेली बाई

मुर्री, शनिवार, कार्तिक वद्य पंचमी, १९४१

गोंदियाला तंबूतला भुताचा सिनेमा पाहून आलो. मेलेली बायको नवऱ्याला भेटायला येते. धूर, विजा, किंकाळ्या सगळे होते, पण तिच्या पातळाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मेलेली बाई अशी येते?

शेजारचा दौलत कोपराने ढोसत म्हणाला, "काऊन बे, भेऊन राहिला का? पावडर लावलेली बाई हाय थे!" सगळे हसले. मला भीती वाटायला हवी होती. वाटलीच नाही.

सिनेमातली ती नवऱ्याभोवती गात फिरली, आपल्या बाळाच्या पाळण्याकडे एकदाही पाहिले नाही. माझी शेवंता बाळंतपणातच गेली. ती आली असती तर आधी विचारले असते, "पोरगी दूध पेली का?" आणि पातळ इतके कोरे? छे.

शेवंताने परत येऊ नये म्हणून आत्याबाईने उंबऱ्यात खिळे ठोकले आहेत. आज आल्याबरोबर मी ते उपटले. आत्याबाई रडकुंडीला आली. "बापू, थे आली त?"

"येऊ दे," म्हणालो. पण खिळे काढतानाही मला जरासुद्धा भीती वाटली नाही. म्हणजे ती येईल, हे आता मलाच खरे वाटत नाही.