घारीचे मणी आणि माझं तोंड

तीर्थरूप वहिनींना,

गुडघे वाकत नसल्यामुळे मनातल्या मनात साष्टांग नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? दादाचं घोरणं कमी झालं का? (लहानपणापासून तो असाच घोरतो. लग्न ठरवताना आम्ही सांगितलं नाही, एवढं मात्र खरं.) इकडे सर्व क्षेम. म्हणजे गेल्या रविवारपर्यंत होतं.

झालं असं की, आमची घारी जेवायला घरी फिरकेना, म्हणून मी डबा घेऊन थेट तिच्या प्रयोगशाळेत गेले. दारावरच्या माणसाने डबा काढून घेतला आणि मला पांढरा झगा, डोक्याला जाळी आणि पायांत पिशव्या चढवल्या. काचेत पाहिलं तर हुबेहूब आमच्या शाळेच्या मदर सुपीरियर! लहानपणी ज्यांना पाहून जिन्याखाली लपायचे, म्हातारपणी त्याच झाले. आत गेल्यावर घारीने "आई, कशाला हात लावू नकोस" असं बजावलं. एवढ्या वर्षांची नोकरी शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकून केली, आणि आता लेक मला रांगेत उभं करते.

पण वहिनी, तिने जे दाखवलं ते पाहून माझी बोलतीच बंद झाली. (हो, माझी.) हातभर नाही, तळहाताएवढी एक बशी. तिच्यात तीन जातींचे जंतू, दिव्याखाली तीन रंगांत चमकणारे. पहिला विष सोडतो, त्याने दुसरा मरतो. तिसऱ्याला ते विष बाधत नाही, आणि विष बनवण्यात त्याची ताकदही खर्च होत नाही, म्हणून तो पहिल्याला रेटतो. मला वाटलं, झालं, तिसरा जिंकला, वाजवा टाळ्या. छे! त्या तिसऱ्याला आपलं चिलखत सांभाळावं लागतं. दुसरा आपला मोकळा, ना विष ना चिलखत, तो भराभर वाढून तिसऱ्याची जागा खातो. घारीने ओळीने काढलेले फोटो पडद्यावर पळवले. रंगांच्या सीमा समुद्राच्या लाटांसारख्या फिरत होत्या. जो पाठलाग करतोय त्याच्याच पाठीवर कोणीतरी आहे. पहिला कोण, शेवटचा कोण, काही कळेना. शिट्टी कधी फुंकायची?

"यातला एक काढून टाकला तर?" मी विचारलं.

"मग उरलेल्या दोघांतला एक दुसऱ्याला संपवतो. तिसरा आहे म्हणून तिघंही आहेत, आई."

मी स्टुलावर बसले ते उठेचना. सिस्टर आम्हाला सांगायच्या की जगात सगळं मोजूनमापून मांडलेलं आहे, आणि मी मागच्या बाकावर बसून जांभया द्यायचे. ते मोजमाप बशीतल्या बशीत पाहायला इतकं वय व्हावं लागलं.

आता घोटाळा ऐका. बशीत हे तिघं नांदतात, पण तेच पातळ खाद्यात घालून ढवळत राहिलं की एकच उरतो, हे या लोकांना आधीपासून ठाऊक आहे. ढवळूनही तिघांना जगवायचं, हे घारीचं तीन वर्षांचं काम. तिने बाटलीत काचेचे बारीक मणी घातले आणि प्रत्येकाला आडोसा मिळाला. तिघेही जिवंत! पण छापून येईपर्यंत कुठे बोलायचं नाही, कारण तुमचा ढब्बू त्याच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच शोधतोय. ज्यांना मी आतेबहीण-मामेभाऊ समजत होते ते प्रतिस्पर्धी निघाले. आणि नियम काय, तर आधी छापेल त्याचं नाव, दुसऱ्याला काही नाही. आमच्या शाळेत तिसरीलासुद्धा पदक मिळायचं, आणि पडलेलीला सरबत. हे सगळे डॉक्टर झालेले लोक, आणि यांच्यात दुसऱ्याला नुसतं 'अरेरे'. जंतू बरे यांच्यापेक्षा!

गेल्या रविवारी ढब्बूचा फोन आला. (पोरगा दर रविवारी आत्याची चौकशी करतो, हे तुमचे संस्कार, दादाचे नक्की नव्हेत.) आवाज पडलेला होता. म्हणाला, "आत्या, काही केल्या एकच उरतो गं." आता तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे. चुकीचं पळणारं पोर दिसलं की मला राहवत नाही, मग ते दुसऱ्या शाळेचं का असेना. मी ओरडले, "अरे, नुसता ढवळतोयस काय? मणी घाल की तळाशी! आडोसा नको का त्यांना?"

मग, "आत्या, ठेवतो हं," म्हणून त्याने फोन ठेवला. एरवी निरोप घ्यायलाच ज्याला अर्धा तास लागतो, त्याने!

घारीला सांगायचा धीर नाही, म्हणून रोज तिच्या आवडीचं रांधतेय. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही ठेवावा.

तुमची,
नणंद

ता. क. : पत्र खरं तर एवढ्यासाठीच. ढब्बूला तुमची शपथ घाला, पण घारीचं छापून येईपर्यंत त्याला मणी घालू देऊ नका. पोरीची तीन वर्षं माझ्या एका वाक्यात जातील, वहिनी.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होते तेवढ्यात घारी आली. वरचं सगळं विसरा. ढब्बूने माझा फोन ठेवला तो तिला करायलाच. "तुझ्या आईने तुझं गुपित फोडलंय, आता काय करू ते सांग," म्हणाला. हिच्याकडे मणी होते, पण ते तिघे का टिकतात याचं गणित सुटत नव्हतं. ते त्याने कधीच मांडून ठेवलं होतं. आता दोघं मिळून लिहिताहेत. ही मला आज सांगते! म्हणे, "रोज छान जेवायला मिळत होतं, म्हणून थांबले." मी रागावणार होते, पण डोळेच भरून आले. कोण घडवतं हो ही पोरं?

ता. क. ३ : आता कुणाचं नाव आधी यावरून सकाळपासून दोघांचा अबोला आहे. पहिलं-दुसरं मी मानत नाही, हे वर लिहिलंच आहे. पण दोघं एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात जन्मली. घारी सकाळी आणि ढब्बू संध्याकाळी. ढब्बूला तेवढी आठवण करून द्या. सकाळ आधी येते, त्याला मी काय करणार?