पेव्हरवरचा आकाशकंदील

५ ऑक्टोबर, रविवार

शेवटी कंपनीला माझी किंमत कळली. डांबराचा थर टाकणारं आमचं जुनं पेव्हर. ऑपरेटरच्या डोक्यावरचा हॅलोजन स्टीलच्या पॅनलवर पडतो आणि तिथून थेट त्याच्या डोळ्यांत. इथे आखातात, मुऐदरच्या साइटवर, दिवसा ट्रॅफिकमुळे रस्ता मिळत नाही, आणि कन्सल्टंट म्हणतो, चकाकी घालवा, नाहीतर मगरिबनंतर, म्हणजे सूर्य बुडाल्यावर, काम बंद. चकाकी घालवायचं काम माझ्याकडे आलं.

प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला, डीलरकडे झाकणवाला दिवा मिळतो, मागव, खलास. मी म्हटलं, मागवतात ते डोकं नसलेले. सोळा तारखेला स्वतः करून दाखवतो. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. भारावला असावा.

माझं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात रिन्यू व्हायचंय. हे काम जमलं की दुखानच्या नव्या साइटचं मॅनेजरपद माझंच. अंगणवालं घर मिळेल. विभावरीला सरप्राइज.

७ ऑक्टोबर, दुपार

संकल्प: रोज तासभर फक्त चकाकीवर विचार. आज केला. जेवण झालेलं असल्यामुळे डोळे मिटून.

नंतर पॅनलला मॅट काळा रंग मारला. चकाकी साफ गेली. बटणांवरची नावंही गेली. कमाल, आमचा रत्नागिरीचा ऑपरेटर, म्हणाला, सायेब, हॉर्न कुठला नि ब्रेक कुठला ता कलत नाय. इतकी वर्षं मशीन चालवतो आणि अजून नावं वाचावी लागतात! रंग खरवडायला लावला.

९ ऑक्टोबर

मला डेप्युटी मिळाला. काशिफ. दुसऱ्या कंपनीत पेव्हरच सांभाळायचा. त्याला माझ्या टेबलावर बसवलंय, तात्पुरतं. मी खिडकीशी बसतो, तिथे उजेड बरा आहे.

वेस्ट बेच्या हेड ऑफिसातून एचआरच्या नूरैनचा फोन. शिल्लक रजा कधी संपवताय, विचारत होती. स्टाफची इतकी काळजी कोण करतं हल्ली?

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ

सुचलं! बाल्कनीतच लटकत होतं. विभावरी आणि ईराने केलेला आकाशकंदील, चांदणीचा. नाशिकहून आणलेल्या काड्या, वर बटर पेपर. आत बल्ब आहे, पण डोळ्यांना त्रास म्हणून नाही. हाच हॅलोजनवर चढवायचा.

विभावरी म्हणाली, दिवाळी तोंडावर आलीय, घरातलं दुसरं काहीही ने. मी म्हटलं, सोळाला नेतो, सतराला परत. ईरा म्हणाली, बाबा, दॅट्स अवर्स. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. दुखानला गेल्यावर घरात फक्त मराठी. संकल्प.

१४ ऑक्टोबर

ट्रायल घ्यायची होती. घेतली नाही. ज्यांना शंका असते ते ट्रायल घेतात. हॅलोजन फार तापतो सर, असं काशिफ म्हणाला. डेप्युटीने विचारावं, सांगू नये.

कंदिलाच्या झिरमिळ्या मात्र कापल्या. सेफ्टी फर्स्ट.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

डेमो झाला. एकंदरीत यशस्वी.

चकाकी नव्हती, हे कन्सल्टंटनेही मान्य केलं. त्याची तक्रार एवढीच की कमालच्या तोंडासमोर पिवळा उजेड भरून राहिला आणि पलीकडचं काही दिसेना. कमाल ओरडला, सायेब, रस्ता कुठं गेला? तोवर पेव्हर कडेला रेषेसाठी ताणलेली दोरी सोडून वाकडं गेलं होतं. मग कागद करपला, वारा सुटला आणि कंदील खाली गरम डांबरावर पडला. मागून रोलर येत होता. तो थांबला नाही. नव्या रस्त्यात चांदणी उमटली, अगदी सुबक. पोरांनी फोटो काढले.

तेवढा तुकडा उखडून पुन्हा करायचाय. काशिफने डीलरचा दिवा आधीच मागवून ठेवला होता, तो लावला. माणसाचा माणसावर विश्वासच उरला नाही.

प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला, यल्ला, चल, तू घरी जा. मी दमलोय हे त्याच्या लक्षात आलं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

बाल्कनीत नुसता हुक. ईराने बाल्कनीचं दार लावून घेतलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी दुखानच्या अंगणात याच्या दुप्पट मोठा लावू. विभावरीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कपाट आवरायला लागली. सणाच्या दिवशी कसली आवराआवर? फराळ करून झोपलो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

वेस्ट बेला बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. नूरैनने माझ्यासाठी चहा मागवला. मग म्हणाली, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होत नाहीये. दुखानला काशिफ जातोय. प्रोजेक्ट मॅनेजर तिथेच होता. म्हणाला, तू तो दिवा मागवला असतास तर मी तुझ्यासाठी भांडलो असतो. मी शुक्रन म्हटलं. आभार का मानले, माहीत नाही.

घरी येऊन विभावरीला सांगितलं. तिने मान हलवली. कपाट रिकामं होतं आणि बॅगा भरलेल्या. नोकरी जाणार हे तिला त्याच दिवशी कळलं होतं, ज्या दिवशी मी खिडकीशी बसायला लागलो.

जेवताना ईराने विचारलं, बाबा, नाशिकला माझी शाळा कुठली असेल? मराठीत विचारलं. रडू आलं. म्हटलं, ट्यूबचा उजेड डोळ्यांवर येतोय. विभावरी उठली आणि तिने ट्यूब बंद केली.