लाल झालेली पट्टी

उरण, १४ ऑक्टोबर

प्रिय मृणाली,

तू तिकडे बंगळूरला, सुट्टी मिळेना, म्हणून आधी खबर देते. तुझे बाबा आता जेवतात, डाव्या हाताने. काल मी डबा घेऊन हॉस्पिटलात गेले तर काका मलाच विचारतात, पोरी, तू का सुकलीस? बाहेर जिन्यात बसून रडले गं.

मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात मला कॉम्प्युटर बसवून दिलास तेव्हा तू बजावलं होतंस, डिस्क गच्च भरू नकोस, पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेव, नाहीतर तो अडकेल. मी हो हो म्हटलं. पण आपण कोळ्यांच्या पोरी. मासळीचा खण रिकामा घेऊन होडी आली की घरात सगळ्यांची तोंडं उतरतात, हे बघत वाढलेल्या. मोकळी जागा दिसली की मला चैन पडेना. नारळी पुनवेचे, कोकिळाच्या हळदीचे, नव्या होड्यांच्या पूजेचे व्हिडिओ, जो जे आणेल ते भरत गेले. डिस्कची जागा दाखवणारी पट्टी लाल झाली तेव्हा तू फोनवर ओरडलीस, अगो, सगळा खण माशानेच भरलास तर बर्फ कुठे घालशील? मी मेली नुसती हसले.

शुक्रवारी संध्याकाळी एक मेल उतरेनाच, जागा नाही म्हणून. परत कुणाचे लग्नाचे फोटो असतील, असं म्हणत वैतागून मशीन बंद केलं. शनिवारी पहाटे होड्या गेल्या. आपले नाखवे मोबाइलवरचं काही मानत नाहीत, सोसायटीचा भोंगा वाजला तरच थांबतात, तुला ठाऊक आहे. नऊ वाजता मी हळदीचे व्हिडिओ पुसले आणि मेल उतरला, हवामान खात्याचा. शनिवारी वादळी वारा, समुद्रात जाऊ नये. दुपारी होड्या कशाबशा परतल्या, पण बंदरात दोन होड्यांच्या मध्ये काकांचा उजवा हात चेंगरला. चार बोटं गेली.

गाव म्हणतं, इशारा आलाच नाही. मीही मान डोलावली. आणि तो मेल डिलीट केला.

उद्या यावर सोसायटीची सभा आहे. मेल अजून ट्रॅशमध्ये पडलाय. तो कायमचा घालवायला एक बटण पुरे, काल दोनदा बोट तिथे गेलं. मला फार भीती वाटते, नोकरीची, गावाची आणि सगळ्यात जास्त तुझी. फोन केला असता तर तुझा आवाज ऐकून खोटंच बोलले असते. हे पत्र आत्ता नाक्यावरच्या पेटीत टाकते, मगच ऑफिस उघडते. एकदा पेटीत पडलं की मला ते परत काढता येणार नाही, म्हणूनच लिहिलं.

तुझीच, अजून तरी,
अमिषा