आधी टाकलेला आकडा

३ मार्च १९९७
आले बाई एकदाची हैदराबादला! पुण्यातून निघताना निरोप द्यायला काळं कुत्रं नव्हतं. इथे अंबरपेठेत घरमालकीण सखूबाई चहा घेऊन दारातच उभ्या. मूळच्या नांदेडच्या. यजमान नागोराव गिरणीतून रिटायर झालेले. त्यांच्या पेन्शनचा हिशेब आमचीच कंपनी ठेवते म्हटल्यावर मी घरचीच झाले.

७ मार्च
काम अगदीच पोरखेळ. दर शुक्रवारी वारलेल्या पेन्शनरांचा रिपोर्ट काढायचा, माणसामागे एक ओळ, त्यात किती ओळी आल्या तो आकडा डेटाबेसमध्ये साठवायचा. रिपोर्ट रखडतो, तोवर माशा मारा. ऑफिसात सगळे तेलुगूत हसतात, मी नुसती मान डोलावते. फार एकटं वाटतं. बोलायला सखूबाईच. पोट भरलं म्हटलं तरी वाढतात, वर म्हणतात, नक्को म्हणू नको बेटा.

१४ मार्च
आज कंटाळून रिपोर्ट निघायच्या आधीच आकडा टाकून दिला. मृत्यूची पत्रं सहा आली होती; बोट घसरलं, सात पडले. म्हटलं, नंतर सुधारू. तर ओळी आल्या सातच! सातवं नाव नागोरावांचं. मला हसूच आलं. सकाळी त्यांनीच मला बसस्टॉपवर सोडलं होतं.
घरी आले तर दारात माणसं जमलेली.

१८ मार्च
सखूबाई जेवत नाहीत, मला मात्र वाढतात. म्हणतात, आता तूच गं. नागोरावांचं पेन्शन त्यांच्या नावावर झालं. म्हणजे त्याही आमच्या मशीनमध्ये!
आमचे साहेब अप्पाराव, त्यांना माझी युक्ती भलतीच आवडलीय. आता सगळ्यांनी आकडा आधीच टाकायचा, वेळ वाचतो म्हणे. मी हातापाया पडले. हसले मेले.

२१ मार्च
पत्रं आठ. साहेबांनी नऊ टाकलेत — अंदाजाने! आकडा बदलता येईना —

रिपोर्ट सुरू. आठ ओळी झाल्या. नववी पडद्यावर उमटतेय — सखू — नाही, नाही!

खोडून माझं नाव घातलं. श्रुती. माझ्यामागे रडायला आहे कोण? एक सखूबाईच —

घरी फोन केला. सखूबाईंनीच उचलला! जिवंत आहेत गं बाई! कोण बोलतंय, कोण बोलतंय, विचारतायत. मी ओरडतेय, श्रुती, श्रुती — त्यांना ऐकूच —